तांबडी तार, पिवळी तार

गुलाम रसूलला कुठल्याही वस्तूला ‘होत नाही’ असं म्हणता येत नसे. ही त्याची अब्रू होती आणि हाच त्याचा रोगही होता. अहेरीच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायला. टिनाचं छप्पर, एक टेबल, आणि उरलेल्या जागेत कोणाकोणाचे पोट फाडून ठेवलेले रेडिओ. लोक रेडिओसोबत मिक्सर आणत, टॉर्च आणत, एकाने तर बंद पडलेली शिवणयंत्राची मोटर आणली होती. रसूलभाऊ नाही म्हणत नसत. म्हणून २००५ च्या मार्च महिन्यात इंदुताईंचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा त्यांनी आधी रसूललाच हाक मारली यात नवल काहीच नव्हतं. कॉम्प्युटरच्या पोटात हात घालायची त्याची ही पहिलीच वेळ, हे मात्र त्याने त्यांना सांगितलं नाही.

इंदुताई एका लहानशा संस्थेत रक्त तपासणीचं काम करायच्या. चार वर्षं त्या सायकलने, बैलगाडीने, नाही तर पायी, बेचाळीस गावं फिरल्या होत्या. काम सिकल सेलचं. हा रक्तातला आजार, हाडं ठणकतात, लेकरं दगावतात. आईच्या आणि बापाच्या, दोघांच्याही रक्तात तो अर्धा अर्धा असला, तर लेकराच्या वाट्याला पुरा येऊ शकतो. अर्धावाला माणूस मात्र धडधाकट असतो. झाड तोडतो, मोहफुलं वेचतो, त्याला पत्ताही नसतो. म्हणून सोयरीक जुळवण्याआधी लोक ताईंकडे येत. ताई दोघांचं रक्त काय म्हणतं ते सांगत. सात हजारांवर माणसांचे निकाल त्या कॉम्प्युटरमध्ये होते. मूळ चिठ्ठ्यांचं पोतं मागच्या पावसाळ्यात गळक्या खोलीत कुजून गेलं, आणि गावकऱ्यांना दिलेली कार्डं अर्धीअधिक चुलीच्या धुरात नाही तर वाळवीच्या पोटात गेलेली.

बिघाड साधा होता. वीज पुरवणारा डबा जळला होता. रसूलने तो बदलला. हार्ड डिस्कला जाणारा प्लगही वितळला होता, तोही नवा लावला. चार तारा. दोन काळ्या, एक तांबडी, एक पिवळी. रेडिओवाल्यांच्या जगात तांबडी म्हणजे मोठी, जिच्यात जोर असतो ती. तीस वर्षं त्याचा हात याच हिशेबाने चालत आला होता. त्याने जास्त व्होल्टच्या जागी तांबडी लावली, कमीच्या जागी पिवळी, आणि बटण दाबलं.

‘चट्’ आवाज आला. जळक्याचा वास आला. मग काहीच आलं नाही.

“काय झालं रसूलभाऊ?” ताईंनी विचारलं.

“लाइन जास्त आली असन,” रसूल म्हणाला.

अहेरीत लाइनवर काहीही ढकललं तरी खपतं. बल्ब गेला, लाइन. पंखा जळला, लाइन. पोरगं नापास झालं तरी लाइनच गेली होती! ताईंनी लगेच विश्वास ठेवला. रसूलने डिस्क आणि काढलेला जुना प्लग कापडात गुंडाळून दुकानात नेला, निवांतपणे प्लग पाहिला, आणि खुर्चीत बसलाच. कॉम्प्युटरमध्ये बारा व्होल्टची तार पिवळी असते आणि पाचाची तांबडी. जुन्या प्लगच्या उरलेल्या तुकड्यावर ते स्पष्ट दिसत होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, इथे तर मारुतीही धड उरला नव्हता.

ताईंच्या ओसरीवर त्या दिवशीच पोचू येऊन बसला होता. जंगलातल्या गावचा म्हातारा, खांद्यावर टॉवेल, बोलणं कमी. त्याच्या लेकीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आठ दिवसांवर आलं होतं. पोरीचं आणि होणाऱ्या जावयाचं, दोघांचंही रक्त ताईंनी दोन वर्षांपूर्वी तपासलेलं. ते काय निघालं एवढंच त्याला विचारायचं होतं. पुन्हा रक्त काढून नागपूरला पाठवावं तर महिना जाणार. आणि एका पोचूचं कसंबसं जमवलं, तरी बाकीच्या सात हजारांना पुन्हा कोण टोचणार? मोहाचे दिवस, गावंच्या गावं पहाटेपासून जंगलात.

“मी बसतो,” पोचू म्हणाला, आणि बसला.

रसूलचा भाचा नदीम गडचांदूरला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी तो बसने आला, सोबत त्याच कंपनीची एक मेलेली डिस्क घेऊन. डिस्कच्या पाठीला हिरवी पाटी असते, सगळं डोकं तिच्यात. तिचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे. रसूलने सायकलचा आरा घासून त्यांच्यासाठी पेचकस बनवला. त्या डिस्कची शाबूत पाटी काढून या डिस्कला लावली. मोटर फिरली! रसूलने नदीमच्या पाठीवर थाप मारली, तेवढ्यात आतून टक टक टक असा आवाज सुरू झाला. नदीमने घाईने वीज काढली.

“नाही चलेगा मामू. हर डिस्क की अपनी किल्ली अपनीच पाटी में रहती. अब बडे शहर भेजना, और वो लोग भी वादा नहीं करते.”

नदीम संध्याकाळच्या बसने परत गेला. रसूल जुनी पाटी मीटरने तपासत बसला. तारा जिथून आत शिरतात, तिथेच तांदळाच्या दाण्यासारखा एक काळा तुकडा होता. मीटरचे दोन्ही काटे लावले की मीटर ओरडे. म्हणजे तो आतून फुटून एकजीव झाला होता. येणारी सगळी वीज गिळून जमिनीत सोडत होता.

आणि रसूलला बापूराव आठवले.

बापूराव त्याचे उस्ताद. चंद्रपुरात त्यांचं रेडिओचं दुकान होतं. चौदा वर्षांचा रसूल त्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा आजूबाजूच्यांनी नाकं मुरडली होती. मुसलमानाचं पोर बौद्धाच्या घरी काय शिकणार, आणि तेही फुकटात? बापूरावांनी शिकवलंच, वर दुपारची भाकरही दिली. गावातले लोक रेडिओत सेल उलटे घालत, म्हणून बापूराव प्रत्येक रेडिओत, न मागता, एक बारकासा डायोड बसवून देत. त्याला ते राखणदार म्हणत. उलटसुलट वीज आली की तो स्वतः मरून रेडिओला वाचवायचा. “राखनदार मेला म्हनून घर मेलं असं नोको समजू पोरा,” ते सांगत. “मेल्याले उचल आन् आत जाऊन पाह्य.” उस्तादांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या टेबलापाशी रसूलचे डोळे भरून आले. या माणसाचं आपण काय देणं लागतो याचा अंदाज त्याला पहिल्यांदाच आला.

हा काळा दाणा राखणदारच होता, याची त्याला जवळजवळ खात्री होती. पण जवळजवळच. तो काढला आणि अंदाज चुकला, तर पुढचा फटका अडवायला कोणी नव्हतं. मग मोठ्या शहरातलाही कोणी काही करू शकला नसता. पणाला लागणार होती ताईंची चार वर्षं. ते विचारल्याशिवाय करता येईना, आणि विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडावी की नाही?

घरी जेवताना त्याने बायकोला, अख्तरीला, सांगितलं. ती पोळी वाढत म्हणाली, “बोल दो. दो दिन से खाना तो उतर नहीं रहा गले से.”

तिसऱ्या दिवशी सकाळी रसूल डिस्क आणि हत्यारं घेऊन ताईंकडे गेला. पोचू ओसरीवरच होता. रसूल खाली बसला नाही.

“ताई, लाइन जास्त नोती आली. मी तारा उलट्या लावल्या. मायी चूक हाय.”

 ताईंचा आवाज चढला, आणि चढायलाच हवा होता. “तीन दिस झाले रसूलभाऊ! तीन दिस मी त्या लाइनवाल्याईले शिव्या देऊन राह्यली! आन् तुमी सांगून राह्यले आज?”

“हो.”

“काऊन सांगून राह्यले आता तरी?”

रसूलने काळा दाणा दाखवला. काढला तर काय होईल, फसला तर काय होईल, दोन्ही सांगितलं. काही लपवलं नाही. ताई बराच वेळ पाटीकडे बघत होत्या. तो दाणा बघून त्यांना काय कळणार होतं! त्या रसूललाच जोखत होत्या बहुधा.

“तुमी सांगतलं नसतं तं मले कधीच समजलं नसतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “काढा.”

सोल्डरिंग आयर्न तापलं. रसूलने बिस्मिल्ला म्हटलं, मनातल्या मनात बापूरावांच्या पाया पडला, आणि दाणा उचलला. पाटी परत बसवली, तारा नव्याने लावल्या. तांबडी तार कुठे, पिवळी कुठे, हे त्याने चार वेळा पाहिलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकूनच पितो. पाचव्यांदा ताईंनी पाहिलं.

बटण दाबलं. मोटर फिरली. टक टक नाही. पडदा उजळला, आणि थोड्या वेळाने त्यावर गावांची नावं एकाखाली एक उतरू लागली. ताईंनी तोंडाला पदर लावला. मग पहिलं काम त्यांनी केलं ते सगळं दोन सीड्यांवर उतरवून घेण्याचं, आणि तेवढा वेळ रसूलला जागचं हलू दिलं नाही. “या डब्याले पुढं कायी झालं तं तुमालेच बलावीन,” त्या म्हणाल्या. “पन तारा लावतानी मी बाजूले उभी राहीन.”

“राहा ना ताई,” रसूल म्हणाला. त्याला हसूही येत होतं आणि रडूही.

मग ताईंनी पोचूला आत बोलावलं. दोन नावं शोधली. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पोरीचं अर्धं होतं. पोराचंही अर्धंच. त्यांनी पोचूला समोर बसवून हळूहळू, दोनदा समजावून सांगितलं. लग्न करू नका असं त्या कधीच म्हणत नसत. काय होऊ शकतं तेवढं सांगत. पोचू ऐकत होता. टॉवेलाने त्याने तोंड पुसलं.

रसूलला वाटलं, आपण हे चालू केलं ते याचं ठरलेलं मोडायला का? तो हत्यारं भरू लागला. पोचू उठला, त्याच्यापुढे आला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

“तुमीच उघडून देल्लं ना जी हे?”

“मीच जाळलं होतं पोचूभाऊ,” रसूल घाईने म्हणाला. “मले हात नोका जोडू.”

“जाळलं असन. मले ते समजत नाई. उघडलं तं तुमीच ना?”

“पन सोयरीक...”

“सोयरीक दुसरी होईन,” पोचू म्हणाला. “माया बहिनीचा पोरगा गेला तवा बारा वर्साचा होता. हाडं दुखते म्हने, रातदिस रडे. आमी पुजारी केला, कोंबडं देल्लं. आमाले कोनी सांगतलंच नाई. मायी पोरगी तं त्याच्यातून सुटली.” त्याने पुन्हा हात जोडले, आणि या वेळी रसूलने ते आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवले.  मग पोचूने एटापल्लीची बस कधी आहे ते विचारलं. पोराच्या घरच्यांना त्याला स्वतः जाऊन सांगायचं होतं, आणि तेही दिवस मावळायच्या आत.