सासूबाईंसाठी बसवलेली फरशी

आमच्या घरातली फरशी बदलायची ठरली ती सासूबाईंसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ही गोष्ट माझ्याशिवाय घरात कुणाच्याच लक्षात राहिली नाही.

झालं असं, की घुशींनी खालची माती पोखरली आणि हॉलमधली जुनी शहाबादी जागोजागी खचली. अशाच एका खचलेल्या फरशीला ठेचकाळून सासूबाई पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, आत सळई बसली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की आता पुन्हा पडू द्यायचं नाही. त्यांची खोली हॉलच्या एका टोकाला आणि न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. म्हणजे उठल्या-बसल्या हॉल ओलांडणं आलंच. माझ्या लेखी प्रश्न तिथेच संपला होता. पाय न घसरणारी, खरबरीत, मॅट फरशी आणायची आणि मोकळं व्हायचं.

कसलं मोकळं! आमच्याकडे मुलगी बघायला जात नाहीत एवढी माणसं फरशी बघायला शहाद्याला गेली. नवरा, चुलत सासरे, शेजारचे दोघं, आणि शाळेतून अर्धी रजा टाकून मी. एवढं कमी होतं म्हणून सुरतेच्या मोठ्या दिरांना व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्यांनी फोन फिरवून आपल्या फ्लॅटची फरशी दाखवली. पांढरीशुभ्र, वरचा पंखासुद्धा तिच्यात दिसत होता. माझा नवरा ती बघतच राहिला.

मी दुकानात पाण्याचा ग्लास मागितला. वाटलं प्यायला हवंय, म्हणून शेठनी थंड पाणी दिलं. ते मी नमुन्याच्या फरश्यांवर ओतलं, चप्पल काढली आणि एकेकीवर उभी राहिले. चकचकीत फरशीवर पाय सरकन गेला. मॅटवर रोवून राहिला.

"बघितलं?" मी म्हटलं.

शेठ मूळ राजस्थानचे, पण आमची भाषा आमच्याइतकीच सफाईने बोलतात. ते म्हणाले, "भाभी, मॅटमा मैल बसस. ग्लॉसीवर एक पोछा मारा का चकाचक."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने फोनकडे बघितलं.

"लोके घरमा उनात का पहिले फरशीच दखतस," नवरा म्हणाला.

"लोकेसना खुबा नही मोडेल," मी म्हटलं. चुलत सासरे हसले. मला काही हसू येत नव्हतं.

शेवटचा उपाय म्हणून घरी येऊन सासूबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या असत्या ना, मला घसरायची भीती वाटते, तर त्यांच्या लेकाची बोलती बंद झाली असती. पण छे! "माले काय समजस त्यामा? पोरले जी आवडी ती बसाडा," एवढं बोलून त्या लसूण सोलायला लागल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. जिच्यासाठी भांडतेय तीच अशी वाऱ्यावर सोडते म्हटल्यावर माणसाने जावं कुठं?

पांढरी चकचकीत फरशी बसली. गावातल्या लोकांनी येऊन वाहवा केली. सुरतेला फोटो गेले. आणि सासूबाईंनी पहिल्या दिवशी वॉकर टेकवला आणि पहिल्याच पावलाला भिंत गाठली. मग त्या भिंत धरून, इंच इंच सरकत जायला लागल्या. मी चटया टाकल्या, तर त्याही घसरायच्या, आणि पाहुणे यायच्या आत नवरा त्या गुंडाळून ठेवायचा. "फरशी झाकाले बसाडी का?" हे वर. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की सासूबाईंनी पाणी पिणंच कमी केलंय. सारखं न्हाणीत जायला नको म्हणून. मला इतका संताप आला, की त्या रात्री मी कुणाला धड वाढलंही नाही.

आणि मग कापसाची वेचणी सुरू झाली.

आमच्या भागात वेचलेला कापूस घरात येतो आणि भाव चढेपर्यंत घरातच राहतो. हॉल पार आढ्यापर्यंत भरतो. एवढ्या चर्चा झाल्या, एवढे नमुने पाहिले, पण हंगामात ती फरशी कुणाला दिसणारच नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मलासुद्धा नाही!

भिंतीच्या कडेने सासूबाईंपुरती बोळ ठेवली होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कापूस. एक दिवस बघते तर वॉकर खोलीतच उभा आणि सासूबाई बोळीतून चालल्यात. एक हात भिंतीला, दुसरा कापसात कोपरापर्यंत रुतवलेला. मी ओरडले, "हळू!"

"पडनू तरी कापूसमाच पडसू ना," त्या म्हणाल्या, आणि तशाच पुढे गेल्या. दुपारचा चहाही त्या पुन्हा घ्यायला लागल्या.

माघात भाव चढला. व्यापाऱ्याची गाडी दारात लागली. माणसं कापूस गाठोड्यात बांधून बाहेर नेऊ लागली आणि खालून ती पांढरी फरशी उघडी पडायला लागली. नवरा खुशीत होता. पुसायचं फडकं त्याने स्वतःच आणून ठेवलं होतं.

बोळीकडचा कापूस उचलायला माणसं वाकली, तेव्हा सासूबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी लेकाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भाऊ," त्या लेकाला म्हणाल्या, "मन्ही वाटवरना तेवढा ऱ्हाऊ दे."

माणसं थांबली. नवऱ्याच्या हातात फडकं तसंच राहिलं. फरशी आली त्या दिवसापासून तो तिच्याकडेच बघत होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने आईच्या पायांकडे बघितलं.