नुसता स्टार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्यात, कोलशेतच्या एका रंगांच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, एक युनिक्सचं मशीन आणि आम्ही दोघी. मी नौपाड्यातून यायचे, ती डोंबिवलीहून. तिला सातवा महिना लागलेला. एसीच्या गारठ्यात शाल लपेटून बसायची.

त्या मशीनला कमांड टाइप करून द्यावी लागे. फाइलच्या नावाऐवजी स्टारचं चिन्ह टाकलं, की फोल्डरमधल्या सगळ्या फाइली घे, असा अर्थ. कमांड वाचणारा प्रोग्राम, म्हणजे शेल, हा स्टार पाहिला की अधूनमधून कोसळायचा. चालू काम जायचं आणि पुन्हा लॉगिनपासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी तोच स्टार टाकावा, तर काहीच बिघडत नसे.

मशीनवाल्यांचा इंजिनीअर बोलावल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उगवायचा. स्टार टाकून बघायचा. "चालतंय की मॅडम!" म्हणून सही घेऊन जायचा. साहेब विचारायचे, "तुमच्याच हातून कसं होतं हे?" मेमरी बदलून झाली, शेल नव्याने टाकून झाला. शेवटी आम्ही स्टार सोडूनच दिला, एकेक नाव हाताने टाइप करू लागलो. घरी पोचल्यावर मला कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही.

एका दुपारी सवयीने तिच्या हातून स्टार पडला.

"अगं, परत गेलं!" तिचा आवाज रडवेला झालेला. मग म्हणाली, "आज सोडायचं नाही. एकही फाइल हलवू नकोस."

"तुला डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?"

"घरी तरी कुठे मिळतो? तू टाइप कर, मी सांगते."

ए-स्टार, म्हणजे ए-ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली. चाललं. बी-स्टार, चाललं. झेडपर्यंत गेलो, आकडेही झाले. एकदाही कोसळला नाही. मग नुसता स्टार टाकला, आणि गेला.

ती सावकाश म्हणाली, "म्हणजे ज्या नावावर हा मरतो, ते कुठल्याच अक्षराने सुरू होत नाही."

स्टार न वापरता यादी मागवली. एका नावाच्या सुरुवातीला भलतंच काहीतरी होतं, इंग्रजी अक्षरांत न बसणारं. शेलला तेच पचत नव्हतं. उरलेलं नाव कल्याणच्या गोदामाचं. तिथली फाइल रोज मोडेमवरून, टेलिफोनच्या तारेतून यायची. लाइन खरखरली की नाव बिघडायचं. आतला मजकूर तपासला जाई, नाव कुणीच तपासत नव्हतं. आणि संध्याकाळी ते फोल्डर आपोआप रिकामं व्हायचं. इंजिनीअरला सकाळी काय दिसणार?

आनंद व्हायला हवा होता. तिने टेबलावर डोकं टेकलं. "निघू या का गं?"

आलेल्या फाइलीचं नाव आधी दुरुस्त करणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला. साहेब म्हणाले, "म्हणजे मशीन चांगलंच होतं." मशीनवाल्यांनी कळवलं, दोष माहीत आहे, पुढच्या आवृत्तीत काढू.

ती आवृत्ती आली तोवर तिला मुलगी झालेली. बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं, तिने नोकरी सोडली. मी डोंबिवलीला भेटायला गेले.

"नवीन शेल आला," मी सांगितलं.

"चालतो?"

"चालतो."

तिने झोपेला आलेल्या मुलीला खांद्यावर घेतलं. "बरं झालं," म्हणाली. "जेवूनच जा आता."