अकलोलीची वाट आणि मागे न जाणारी गाडी

रविवारी संध्याकाळी माझी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून ती हातात आहे तोवर शनिवारी सकाळी मी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांना निघाले. गाडी म्हणजे मागे दोन चाकं लावलेली मोटारसायकल. लहानपणी पोलिओने डावा पाय गेला, म्हणून गिअर हाताने टाकायची सोय आणि रिव्हर्स, दोन्ही मी जवळच्या हाटकेश भागातल्या एका गॅरेजच्या गाळ्यात बसवून घेतलं होतं.

दसऱ्यानंतर ती मागे घेताना बंद पडू लागली. शांती नगरच्या आमच्या सोसायटीत माझी जागा भिंतीलगत आहे, रिव्हर्सशिवाय आत लागतच नाही. एकदा ऐन फाटकात बंद पडली, मागे शाळेची व्हॅन हॉर्न वाजवत राहिली, आणि नवऱ्याने निर्णय जाहीर केला. "विकून टाकू. रिक्षा आहेत ना."

रिक्षाने स्टेशन गाठता येतं, अकलोली नाही. मी अट घातली, रविवार संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही तर चावी मीच देईन.

गाळेवाल्याकडे खेपा घालून झाल्या होत्या. तो दरवेळी रिव्हर्सचा गिअरबॉक्स उघडायचा, बंद करायचा आणि म्हणायचा, "आंटी, गाडी में कुछ नहीं है. आप क्लच झटके से छोडते हो." पुढे जाताना माझा हात बरोबर आणि मागे जातानाच चुकतो, हे कसं, ते त्याने कधी सांगितलं नाही.

निघताना धाकटे दीर विलासभावजी खाली आले. दसऱ्यापासून दर शनिवारी तेच हँडलला तारेत ओवलेलं लिंबू-मिरची बांधतात.

"वहिनी, नजर लागलीय हिला. जाऊ द्या ना आता."

"लिंबू बांधा आणि बाजूला व्हा," मी म्हटलं.

धाकटी बहीण शैला मागे बसली. जाणार असाल तर उजाडताच निघा. आम्हाला थोडा उशीर झाला आणि वरसाव्याच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलो. तीनचाकी दोन ट्रकांमधून काढता येत नाही, आणि मागे फिरायची तर मला सोयच नव्हती. पुलापुढे हायवे मोकळा आहे. शिरसाड फाट्याला उजवीकडे वळायचं. फाट्यावर वडापाव कढईतून थेट हातात मिळतो, चहा मात्र पाणचट. तिथून वज्रेश्वरीपर्यंत खड्डे मोजत जायचं. गादी जाड हवी.

अकलोलीत कुंडांजवळ साधे लॉज आहेत. खोली स्वस्त, चादर आपली न्यावी. कुंडावर सकाळी लवकर जावं, नंतर पाण्यावर तेलासाबणाचा तवंग येतो. पाणी आधी चटका देतं, मग हळूहळू सांधे सैल होतात. शेजारच्या गावची एक बाई माझ्या पायाकडे बघत होती.

"बाय, ती गारी तूच चालवतं? न पाय असा?"

"पाय असा म्हणूनच गाडी," मी म्हटलं. ती हसली. त्या दोन दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारं तेवढंच माणूस भेटलं.

रविवारी परत निघताना लॉजच्या अंगणात माझी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी, मागे एका कुटुंबाची जीप. जीपवाला ओरडला, "ताई, संगती पुरुष मानूस न्हाय का कोण? बोलवा त्याला."

"घरी आहे," शैला म्हणाली. "त्याला आणायला जातो, जरा सरका!"

जीप सरकली. मी गाडी सरळ मागे घेतली आणि ती निमूट आली. अंगणभर मागे आली! मग फाटकाकडे वळायला हँडल पूर्ण उजवीकडे घेतलं आणि इंजिन गप्प. हँडल सरळ केलं, सेल्फ मारला, चालू. या वेळी रिव्हर्स टाकलाच नाही. न्यूट्रलमध्ये, जागच्या जागी हँडल उजवीकडे घेतलं. बंद.

म्हणजे रिव्हर्सचा काही संबंधच नव्हता. पुढे जाताना हँडल इतकं कधी वळत नाही, एवढंच. तुमची गाडी मागे घेताना बंद पडत असेल, तर गिअरबॉक्स उघडू देण्याआधी ही एक परीक्षा करा.

हेडलाइटखाली हात घातला. भावजी दर शनिवारी सुकलेलं लिंबू तोडून टाकत, पण जुनी तार सोडवत नसत, तिच्यावरच नवी पिळत. त्या तारांचा गठ्ठा इंजिनच्या वायरीत रुतला होता. वरचं प्लास्टिक सोलवटून आतलं तांबं दिसत होतं. हँडल वळलं की गठ्ठा ताणला जायचा, तांबं गाडीच्या लोखंडाला टेकायचं आणि इंजिन बंद. लॉजवाल्याची पक्कड मागून सगळ्या तारा तोडल्या. सोललेल्या जागी पायासाठी आणलेली चिकटपट्टी गुंडाळली. हँडल उजवीकडे. चालू.

शैला बराच वेळ हसत होती. मला हसू आलं नाही. गाळेवाला, नवरा, भावजी, सोसायटी, सगळ्यांनी माझा हात पाहिला, पाय पाहिला. हँडल कोणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी फाटकाशी भावजी गिऱ्हाइकाला घेऊन उभे होते. मी हँडल पूर्ण वळवून गाडी मागे घेतली आणि भिंतीला लावली. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं.

"बघा, उतरली नजर!" भावजी म्हणाले.

मी तारांचा गठ्ठा त्यांच्या हातावर ठेवला आणि कुठे सापडला ते सांगितलं. गिऱ्हाईक चहा न घेताच गेलं.

गाडी राहिली. पाय दोन दिवस हलका होता, मग पुन्हा पूर्वीसारखा. नवरा शेजाऱ्यांना सांगतो, "अकलोलीला चांगला मेकॅनिक भेटला." भावजी शेजारी बसून मान डोलावतात. मी एकदा त्याचं बोलणं दुरुस्त केलं, दुसऱ्यांदा केलं, आता सोडून दिलंय.

पुढच्या शनिवारी खाली उतरले तर हँडलला ताजं लिंबू होतं. या वेळी दोऱ्यात ओवलेलं.