खरं नाव सांगणारा लॅपटॉप

फोन आला तेव्हा मी सातवीच्या विज्ञानाची प्रश्नपत्रिका टाईप करत होते. लॅपटॉपचा पंखा नेहमीसारखा घरघरत होता, इतका की शेजारच्या खोलीत माझी मुलगी प्रज्ञा दार लावून अभ्यासाला बसलेली. पलीकडून एक मुलगा विचारत होता, "तुम्ही सुमेधच्या बहीण का? त्याच्या फोनमध्ये 'आक्का जालना' असं नाव होतं, म्हणून लावला." पुढचं वाक्य तो हळू आवाजात बोलला. असली वाक्यं माणसं हळूच बोलतात. मला काहीच ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "इथं आवाज होतोय हो, जरा मोठ्यानं सांगा." मग त्या बिचाऱ्याला तेच वाक्य पुन्हा, ओरडून सांगावं लागलं. सकाळी ऑफिसला जाताना हायवेवर एका डंपरनं सुमेधच्या मोटारसायकलला मागून उडवलं होतं. माझा धाकटा भाऊ गेला, हे मला असं ओरडून कळलेलं आहे... आणि ज्या पंख्यामुळं त्याला ओरडावं लागलं, तो सुमेधनंच माझ्या घरात सुरू करून ठेवला होता.

त्यानंतर महिनाभर घरी माणसं येत राहिली. चहा पीत, मान हलवत सगळ्यांनी तीच दोन वाक्यं सांगितली. काळापुढं कुणाचं चालत नाही, आणि आजकाल लोक गाड्या फार बेफाम चालवतात. मी विज्ञान शिकवते. एखादी गोष्ट घडली की तिच्या मागं काय होतं ते विचारा, असं वर्गात सांगून सांगून माझा घसा बसलाय. पण सुमेध त्या सकाळी त्या रस्त्यावर का होता, हे त्या माणसांपैकी एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित चहा घशाखाली उतरला नसता. ते सांगायचं तर आधी त्याचं काम सांगावं लागेल, आणि ते काम आमच्या सगळ्या गोतावळ्यात कुणाला धड कळलं नव्हतं.

आम्ही तीर्थपुरीचे. बाबा एसटीत कंडक्टर. आई लवकर गेली, त्यामुळं माझ्याहून बऱ्याच लहान सुमेधचं नाक पुसण्यापासून सगळं माझ्याकडं आलं. आमचं आडनाव मगरे. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा घरातला देव्हारा उतरवला, पण आडनाव तेच राहिलं, आणि आमच्या भागात ते ऐकलं की समोरच्याला सगळं कळतं, पुढचं काही विचारावं लागत नाही. गावच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता, भरतकामाच्या फडक्याखाली झाकलेला. तो क्वचित कधी सुरू झाला की बाकीची पोरं पडद्यावर चित्र कधी येतं म्हणून धक्काबुक्की करायची. सुमेध मात्र चित्राच्या आधीच्या काळ्या पडद्यातच अडकलेला. घरी येऊन विचारायचा, "आक्का, चित्र यायच्या आधी ती पांढरी अक्षरं कोणाशी बोलून राह्यली?" मी तेव्हा डी.एड. करत होते, मला कुठलं माहीत असणार? मी म्हटलं, "तुझ्याशी तर न्हाई ना बोलत? मंग गप जेव." पुढं याच प्रश्नाची त्याला पुण्यात नोकरी मिळाली.

ते काम त्यानं मला समजावलं ते भर जीपमध्ये. मी तेव्हा जाफराबादला बदलीवर होते आणि तो मला न्यायला आला होता. जालन्याकडं येणाऱ्या जीपमध्ये माणसांवर माणसं कोंबलेली, त्यात हा मला सांगतोय, "आक्का, तू हेडमास्तरचा चार्ज घेतला होता ना? बराबर तसंच हाये." बटण दाबलं की आधी जागं होतं ते फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमध्येच लिहून ठेवलेला प्रोग्राम. तो जुना हेडमास्तर. तो मेमरी तपासतो, डिस्क शोधतो आणि सिस्टीमचा गाभा, ज्याला ही मंडळी कर्नेल म्हणतात, तो उचलून आत आणतो. हा नवा हेडमास्तर. नवा आल्या आल्या जुन्याकडं यादी मागतो, कुठली खोली रिकामी, कुठल्या खोलीत तुमचं सामान. यादी हातात पडली की म्हणतो, आता तुम्ही निघा. पण मधल्या वेळात एखादी खुर्ची जरी इकडची तिकडं झाली असली तर जुना हलत नाही. तुझी यादी शिळी झाली म्हणतो, नवी घे. मग पुन्हा यादी आणि पुन्हा निघा. शेजारी सरकीचं पोतं मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "आन् मंग? गेला का न्हाई जुना?"

"जातो की, आजोबा. पण सूचना लावून जातो," सुमेध म्हणाला. पंखा कधी फिरवायचा, पडद्याचा उजेड कसा कमीजास्त करायचा, झाकण मिटलं की काय करायचं. आणि गंमत अशी की या सूचना आधी प्रश्न विचारतात, तू कोण? तू अमक्या मोठ्या कंपनीची सिस्टीम आहेस का? सुमेध ज्या सिस्टीमवर काम करायचा ती फुकट मिळणारी, जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली. तिचं कर्नेल म्हणजे काही त्या कंपनीचं नव्हे. तरी ते बिनदिक्कत हो म्हणतं. मी विचारलं, "आन् त्याच्या खऱ्या नावानं विचारलं तर?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तर न्हाई म्हणतं."

मला ते पटेना. त्यानं सांगितलं की लॅपटॉप बनवणारे त्या मोठ्या कंपनीची सिस्टीम लावूनच सगळं तपासतात. दुसऱ्या नावासाठी कुणीतरी कधीतरी वेगळी वाट लिहून ठेवलेली असते, पण त्या वाटेनं कुणी चालून बघितलेलं नसतं. खरं नाव सांगितलं की तुम्हाला त्या वाटेला लावतात. मग पंखा बिघडतो, उजेडाची बटणं मरतात. लोकांनी पुष्कळ दिवस सोसलं आणि शेवटी ठरवलं, आपलं नाव सांगायचंच नाही. मी म्हटलं, "माझ्या वर्गात असं कुणी खोटं बोललं तर मी बाकावर उभं करते." तो हसला. "तू मशीनला बाकावर उभं करून दाखव, आक्का." म्हाताऱ्यानं मात्र पोतं सावरत मान हलवली आणि म्हणाला, "हुशार हाये मशीन."

त्याच वर्षी तो पुण्यात खोली शोधत होता. फोनवर सगळं जमायचं. भाडं, डिपॉझिट, स्वयंपाक करता का, उशिरा येता का... आणि शेवटी, पूर्ण नाव सांगा. तो सांगायचा. मग पलीकडून यायचं, घरात विचारून कळवतो. कळवायचं मात्र कुणी नाही. ऑफिसजवळच्या एका फ्लॅटमध्ये त्याच्याच टीममधली तीन मुलं राहायची, चौथी कॉट रिकामी होती. त्यातल्या एकानं अगदी चांगल्या मनानं सुचवलं की मालकाला तीर्थपुरीकर सांग, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. सुमेधनं ते घरी सांगितलं तेव्हा बाबा माझ्याकडं जेवायला आलेले. बाबांनी आयुष्यभर तिकिटं फाडली, कधी कुणाशी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "आरं, सांग ना मंग. खोटं थोडंच हाये? आपुन तिथलेच की." सुमेधनं ताटावरचा हात थांबवला. म्हणाला, "बाबा, दिवसभर मशीनला खोटं बोलायला शिकवून राह्यलो मी. संध्याकाळी तरी खरं बोलू द्या."

हात धुताना मी त्याला गाठलं. मशीनला शिकवतोस आणि स्वतः ऐकत नाहीस, हे कसलं रे? तो चिडला नाही. "मशीनचा अपमान होत न्हाई, आक्का. आन् लोकांचा पंखा तर फिरला पाह्यजे ना? म्हणून ते करतो." एवढं बोलून तो चटणीचा डबा हुंगायला लागला. तो काही संत नव्हता. फोन उचलायचा नाही, कुणाच्या लग्नाला यायचा नाही, माझ्या नवऱ्याला तोंडावर "दाजी, तुमाला यातलं कळणार न्हाई" म्हणायचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यासकट पळवायचा. पण नाव विचारलं की पूर्ण सांगायचा, वडिलांच्या नावासकट, स्वच्छ उच्चार करून. त्याला शेवटी खोली मिळाली ती शहराच्या पार बाहेर, हायवेच्या पलीकडं, आपल्यातल्याच एका माणसाच्या घरी. तिथून रोज मोटारसायकलवर तो ऑफिस गाठायचा. मला अपघात हा शब्द म्हणूनच पुरत नाही. डंपरवाल्यावर केस झाली आहे. ज्यांनी माझ्या भावाला त्या रस्त्याला लावलं, त्या 'घरात विचारून कळवतो'वाल्यांवर कोणती केस करायची, ते मला कुणी सांगावं.

हा लॅपटॉप त्यानं चौदा एप्रिलच्या जयंतीला आणला. जयंतीला तो न चुकता जालन्याला यायचा. पिशवीतून जुनं मशीन काढून माझ्यापुढं ठेवलं. "घे. तुझ्या वर्गातलं हाये, खरं बोलतं." त्यात त्यानं सुरू होतानाच्या आज्ञेत एक ओळ टाकली होती, फर्मवेअरनं विचारलं तर आपलंच नाव सांगायचं, दुसरं कुठलं नाही. बटण दाबलं आणि काही क्षणांत पंखा असा सुटला की बाबांना वाटलं मी मिक्सर लावला. पडद्याचा उजेड कमी करायची बटणं मेलेली. प्रज्ञानं कान झाकले. मी ओरडले, "अरे, बंद कर हे!" तो खुर्चीत रेलून हसत होता. "बंद न्हाई होणार. खरं बोलायचा खर्चा हाये तो. कंटाळलीस की सांग, एक ओळ काढली की गप." मला कंटाळा आला नाही असं नाही, रोज यायचा. पण दर खेपेला तो फोनवर विचारायचा, "आक्का, काढू का?" आणि मी म्हणायची, राहू दे.

तो गेल्यावर त्याच्या कंपनीनं ऑनलाइन शोकसभा घेतली. मी याच लॅपटॉपसमोर बसले. एकेक चेहरा येऊन बोलत होता. सुमेध हुशार होता, सरळ होता, थोडा हट्टी होता. त्याचे साहेब म्हणाले, आमच्याकडं इतकं मोकळं वातावरण आहे की कुणी कुणाचं आडनावसुद्धा विचारत नाही. मी तोंड उघडलं. ती चौथी कॉट शेवटपर्यंत रिकामी होती का, एवढंच मला विचारायचं होतं. तेवढ्यात एक मुलगी अदबीनं म्हणाली, "ताई, तुमच्याकडून फार आवाज येतोय, जरा माइक बंद करता का?" मी बंद केला. सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळली आणि एकेक चौकोन विझत गेला.

मध्यंतरी नवऱ्यानं तो लॅपटॉप जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या दुकानात नेला, माझं डोकं दुखतं म्हणून. दुकानदारानं तिथल्या तिथं तपासून मला फोन लावला. "म्याडम, बिघाड काहीच न्हाई. कोणीतरी सुरवातीला एक ओळ टाकून ठेवली. काढून देतो, आवाज बिलकुल बंद होईल." मी म्हटलं, हात लावू नका. तो म्हणाला, "आवो, जल्दी खराब होईल पंखा असा." होऊ द्या, म्हटलं. संध्याकाळी नवऱ्यानं तो आणून टेबलावर ठेवला.

आता प्रज्ञाला पुण्यात प्रवेश मिळालाय. कॉलेजजवळ खोली हवी. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. माझं सासरचं आडनावही मगरेसारखंच, ऐकलं की समोरच्याला कळणारं. परवा बाबा तिला जवळ बसवून म्हणाले, "पोरी, जालनेकर सांग. माझं ऐक. एक गेला तेवढा बस झाला." मला बाबांचा इतका राग आला की मी आत निघून गेले. आत जाऊन भिंतीला टेकले तेव्हा कळलं, मलाही तिला तेच सांगायचं होतं... मला लेक जिवंत हवी आहे, कॉलेजपासून पाच मिनिटांवर हवी आहे, आणि त्यासाठी ती कुणाच्या का नावानं राहीना. भाऊ असता तर त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं असतं. मी बाहेर आले आणि लॅपटॉप सुरू केला.

काल संध्याकाळी तिनं एका घरी फोन लावला. मी शेजारी लॅपटॉपवर हाच लेख लिहीत होते. आवाजाचा त्रास नको म्हणून मी लॅपटॉप बंद करायच्या बटणाकडं हात नेला, तर तिनं माझं मनगट धरलं. पलीकडच्या बाई चांगल्या बोलत होत्या. खोली हवेशीर आहे, पाणी भरपूर आहे, मुली चांगल्या घरच्या आहेत. मग म्हणाल्या, पूर्ण नाव काय बाळा? प्रज्ञानं सांगितलं. पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणालीस? जरा मोठ्यानं सांग." मी तिच्याकडं पाहत राहिले. अजून वेळ होता, एका शब्दाचा तर प्रश्न होता. प्रज्ञा खुर्चीवरून उठली आणि ओरडून म्हणाली, "प्रज्ञा मिलिंद हिवाळे!" मग बाई म्हणाल्या, घरात विचारून कळवते.

मी आज पुन्हा लिहायला बसले आहे. पंखा चालू आहे. तिचा फोन टेबलावर माझ्याजवळ ठेवलाय, आणि या घरघरीत वाजला तर ऐकू यावा म्हणून त्याचा आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय. अजून वाजलेला नाही.