गवताची सरळ टोकं

ज्या रविवारी निंबाआप्पांनी कॅमेरा पेटीत ठेवला, त्या रविवारी दुपारी आम्ही दोघं व्याऱ्याहून बसने सुरतेला परत आलो. पुढे त्यांनी तो काढला नाही. गवत मी कापलं होतं.

आप्पा उधन्याच्या एका कारखान्यात माग दुरुस्त करणारे मास्तर होते. लिंबायतमध्ये आमच्या घरापासून दोन घरं पलीकडे राहायचे. मागांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे गल्लीत ते ओरडूनच बोलत. जंगलात मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. कारखान्यात आवाजामुळे कामगार खुणांनी बोलतात, त्याच खुणा ते तिथे वापरत. तळहात उभा केला की ‘थांब’. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं की ‘धागा तुटलाय, गाठ मार’. जंगलात या दुसऱ्या खुणेचा अर्थ होता : चूक झाली, पुन्हा नीट कर.

सुट्टी मिळाली की ते व्याऱ्यापलीकडच्या रानात चितळाच्या पिल्लांचे फोटो काढायला जात. मोठ्या शिंगांच्या नरांकडे ते बघतही नसत. त्यांची बायको, आम्हा सगळ्यांची जिजी, दारात बसून टोमणा मारायची, “चाळीस वरीसमा मना एक फोटू काढा नही!”

“तू हालस,” आप्पा कॅमेऱ्याची काच पुसत म्हणायचे. “पिल्लू हालस नही.”

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. एकदा मुलांना दाखवायला त्यांच्याकडून फोटो मागून आणले आणि मग मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. ते मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत, पण शिकत मीच होते. पोटावर झोपायचं आणि कॅमेरा पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा. वरून काढलेल्या फोटोत पिल्लू बिचारं दिसतं, त्याच्या उंचीवरून काढलं की ते आपल्या घरात बसलेलं दिसतं. “ते जिकडं बघतंय ना, तिकडं जागा सोड,” ते सांगत. “तिकडून त्याची आई येणार आहे.”

गवताबद्दल त्यांचा नियम कडक होता. उभं गवत म्हणजे ताना, उभा धागा, आणि पिल्लाची पाठ म्हणजे बाना, आडवा धागा, असं ते म्हणत. दोन्ही असले तरच कापड. कोणी हौशी फोटोवाला गवत बाजूला सारताना दिसला की आप्पा लांबूनच तळहात उभा करत. “ते त्यानं पांघरून शे, भाऊ. तुमच्या पोराचं पांघरूण ओढाल का?” रानातले गार्डभाई त्यामुळेच त्यांना कुठेही बसू देत. दुसऱ्या कोणाला ती मोकळीक नव्हती.

कारखान्यातली त्यांची आणखी एक गोष्ट मला पाठ आहे. नव्या कारागिरांना ते सांगत, “धागा तुटतोच. त्याची लाज नाही. तुटला हे सांगायचं, माग थांबवायचा, गाठ मारायची. न सांगता माग चालू ठेवलास, तर फॉल्ट कापडाबरोबर पुढं पुढं जातो.”

त्या रविवारी ओढ्याच्या काठी पिल्लू सापडलं. मान जमिनीला टेकवलेली, कान मागे, अंगावर पांढरे ठिपके. मादी दूर चरत होती. आप्पांनी तीन उन्हाळे ज्याची वाट पाहिली, तो हाच फोटो होता. पण पाच-सहा पाती नेमकी त्याच्या डोळ्यावरून जात होती. मादी कुठून येईल ते बघायला आप्पा गार्डभाईंबरोबर पुढे गेले.

आमच्या घरी आई साड्यांचे सुटे धागे कापण्याचं काम आणायची. लहानपणापासून मीही ते केलं आहे. कापडावर लोंबणारा धागा दिसला की हात आपोआप कातरीकडे जातो. ती बोटभर कातर तेव्हाही माझ्या पर्समध्ये होती. मी वाकून गेले आणि ती पाती कापली. पिल्लू हाललं नाही. मला वाटलं, त्याला चाललं.

आप्पा परत आले, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि हसले. वारा पडून पाती बाजूला झाली असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी फोटो काढला.

दोन तासांनी निघताना आम्ही लांबून पुन्हा पाहिलं. मादी त्याच जागी खूर आपटत होती, ओरडत होती. पिल्लू नव्हतं. ओढ्याकडून दोन गावठी कुत्री पळताना गार्डभाईंनी पाहिली होती. आप्पा तिथे जाऊन उकिडवे बसले. गवताचं एक पातं त्यांनी बोटांत धरलं. तुटलेल्या धाग्याचं टोक पिंजारलेलं असतं, कापलेल्याचं सरळ. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

“आप्पा, ये किसने काटा?” गार्डभाईंनी विचारलं.

“मैंने. फोटो के लिए.”

“आप भी?” गार्डभाई म्हणाले. “अब मत आना.”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पर्सची चेन लावली. बसमध्ये ते खिडकीशी बसले होते आणि मी त्यांच्या शेजारी. व्यारा ते सुरत एवढा वेळ माझ्याकडे होता.

पुढची दोन वर्षं ते भेटले की शाळेची चौकशी करत. बोलणं संपल्यावर थोडा वेळ उभे राहत. मग घरी जात.

यंदा त्यांची छाती भरली. दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात चादरीवरून थोडा उचलला आणि अंगठा बोटावर चोळला. हळू. दोनदा.

मी विचारलं, “पाणी हवंय का, आप्पा?”

त्यांनी हात खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेराव्यानंतर जिजीने मला तो फोटो दिला. “तूच ठेव, तुले यातलं समजस,” ती म्हणाली. मग पदराने नाक पुसत पुटपुटली, “दुन्याले सांगे, गवतले हात लावू नका. अन सोता कापं!” घरीही आप्पांनी तेच सांगितलं होतं.

मी फोटो घेतला. त्यात पिल्लाचा डोळा स्वच्छ दिसतो. ते जिकडे बघतंय, तिकडे आप्पांनी जागा सोडली आहे.

फोटो माझ्या कपाटात आहे. जिजी दोन घरं पलीकडे राहते. तिला मी अजून सांगितलेलं नाही.