पूड घातलेलं दूध

एका लग्नात कल्याण मंडपाच्या पायऱ्यांवरून दोघं नवराबायको बरोबरच पडले. वैजनाथअण्णांचा तोल गेला आणि शांताअक्कानं त्यांचा दंड सोडला नाही. ती खाली, ते वर. तिचं डोकं दगडी पायरीच्या कडेवर आपटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आज अण्णांनी लईच घेतली जणू." अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता.

अक्का बीदरला, मैलूरमध्ये माझ्या शेजारी राहायची. तिच्या दारात पाय ठेवला की आधी चमचा पुढं यायचा. हळद आणि काळ्या मिऱ्याची पूड, विकतची, डब्यातली.

"आ कर."

मी तोंड मिटून घ्यायची.

"विष द्यायलेय व्हय तुला? औषध बी न्हाई ते. खाणं हाय."

"खाणं असतं तर चव असती," मी म्हणायची.

अण्णांना पूर्वी फिट यायची. गोळीनं ती कैक वर्षं बंद होती. गोळी अक्काच द्यायची. पूड आणल्यापासून ती गोळी पूड घातलेल्या दुधाबरोबर देऊ लागली. "मिऱ्यानं हळद अंगी लागते. डब्यावर लिवलंय."

पुढं अण्णांचे पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. गल्लीतली माणसं विचारायची, "काय अण्णा, सकाळी सकाळीच?" अक्काला ते सोसवेना. ती त्यांचा दंड धरून चालू लागली, लाडानं धरल्यासारखा.

"म्हातारपणी काय ही सोंगं," मी म्हणाले.

"तू कामून जळायलीस?" ती म्हणाली. हसली नाही.

डॉक्टरकडे मीही बरोबर गेले होते. आणखी कुठलं औषध घेतात का, त्यानं विचारलं. अक्का न्हाई म्हणाली. तिच्या लेखी ते खरंच होतं. वयामुळं होतं असं, म्हणून डॉक्टरनं परत पाठवलं.

पडल्यावर दोघांना एकाच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं अण्णांचं रक्त तपासलं. दारू नव्हती. फिटच्या गोळीचं औषध रक्तात फार चढलं होतं. सकाळी काय खातात, असं तिथल्या डॉक्टरीणबाईनं मला विचारलं. मी दूध सांगितलं, पूड सांगितली.

"मिरं हळदीला अंगात उतरवतं, तसं या गोळीलाही जास्त उतरवतं," बाई म्हणाली. "त्यानंच झालं असावं."

अक्का शेजारच्या खाटेवर होती. तिला ऐकू येत नव्हतं.

पूड बंद झाली, गोळी बेतानं सुरू झाली. अण्णांचे पाय ताळ्यावर आले. अक्का शुद्धीवर आली नाही, तशीच पडून राहिली आणि गेली.

तिला पोचवायला अण्णा कुणाचा हात न धरता सरळ चालत आले. ते अजून आहेत.