आत जायचं तर दगड ठेव

बीड जिल्ह्यात पाहण्यासारखं काही नाही, हे तुम्हाला सांगितलं कोणी? आणि सांगणारा स्वतः एखाद्या घळीत उतरून आला होता का, हे तुम्ही त्याला विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. बीडमध्ये वाढले. वडिलांच्या छापखान्यात ओल्या शाईच्या पत्रकांवर अक्षरं गिरवली. सगळ्या जगातल्या अन्यायाबद्दल मला मत होतं, पण केजच्या पुढं डोंगरात वाघजाळीची घळ आहे हे माहीत नव्हतं. ते कळलं कारण तिच्या माथ्यावरच्या माळावर खडी केंद्र येणार होतं. सुरुंग लागले असते तर घळीतली गुहा ढासळली असती आणि गुहेतला झरा बुजला असता. उन्हाळ्यात त्या बाजूच्या सगळ्या कळपांना तेवढंच पाणी. मी पाचशे पत्रकं छापून घेतली, एसटीनं केज गाठलं, तिथून काळीपिवळीनं डोंगराचा पायथा, आणि मग घामाघूम होत घळीत उतरले.

गुहेच्या तोंडाशी गोजरामाय बसली होती. साठीची, काटक, हातात आकडीची काठी, भोवती तीस-चाळीस शेळ्या. मी सरळ आत शिरायला निघाले तर काठी आडवी आली.

"दगड ठेव."

"कसला दगड?"

"तुझा. आत जाताना ठिवायचा, भायेर आली की उचलायचा. मग मला कळतं कोण आत हाय."

"पण आत्ता इथं आपण दोघीच आहोत, मावशी."

"मग दोन दगड ठिवू. माझा ह्यो."

ही तिच्या आईची रीत. पूर्वी पावसात सगळे गुराखी त्या गुहेत आडोशाला जायचे, आणि पाऊस थांबला की कोणीतरी आतच झोपलेलं राहायचं. तेव्हापासून दगड. जवळपासच्या वस्त्यांवरचा कोणीही गडी, कितीही घाईत असला तरी, दगड ठेवल्याशिवाय आत जात नसे. दगड ठेवल्यावरही गोजरामाय लगेच आत जाऊ देत नसे. आधी अंधाराला हाक मारायची, मग नाक पुढं करून वास घ्यायची. "साळिंदराचं घर हाय. आपून पावणे. आवाज दिल्याबिगर कावून घुसायचं?" हे सांगताना तिचा चेहरा एखाद्या घराच्या उंबऱ्यावर उभं असल्यासारखा अदबशीर व्हायचा.

त्या दिवशी मी तिला माझं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. 'निसर्गाची निर्घृण हत्या', 'भांडवलाचा राक्षस', सगळं होतं त्यात. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. एक शेळी तेवढ्यात पत्रकाचा कोपरा खाऊ लागली, तिला हाकललं नाही.

"लई वरडतंय गं ह्ये," ती म्हणाली. "पर ह्याच्यात घळ कुटं हाय? कुटून उतरायचं, पानी कुटं, काय बी न्हाई. तुझ्या कागदाला पाय न्हाईत, पोरी. मानसं आन. ज्यानं बघितलंच न्हाई, त्यो कावून भांडंल?"

मला राग आला. परतीच्या वाटेवर काळीपिवळीत बसून तो जिरला, आणि केज येईपर्यंत तिचं म्हणणं मला पटलं होतं. पुढचं पत्रक अर्ध्या पानाचं निघालं. रविवारी सकाळी कितीची गाडी, कुठल्या चिंचेपाशी उतरायचं, डब्यात काय आणायचं, कुठं दगड ठेवायचा. 'हत्या' हा शब्द एकदाही नव्हता.

आणि माणसं आली! आधी चार, मग सात. स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधली मुलंमुली, एक निवृत्त ग्रंथपाल, एक शिंपी आणि त्याची बायको. संध्याकाळी घरी परतताना प्रत्येकाच्या गुडघ्याला माती आणि तोंडात गोजरामायचं नाव असे. तिनं माझं नाव मात्र 'पत्रकवाली' असं ठेवलं ते कायमचं.

तिसऱ्या रविवारी आम्ही अकराजण आत गेलो होतो. बाहेर आल्यावर मी डोकी मोजली. अकरा. म्हटलं, चला. गोजरामाय जागची हलली नाही. तिनं काठीनं दाखवलं: जमिनीवर एक दगड उरला होता.

"माय, मी मोजलंय. अकराच्या अकरा आहेत."

"तुझी गनती तुझ्यापाशी. दगड काय म्हनतोय बघ."

पुन्हा मोजलं तेव्हा कळलं की उशीर झाला म्हणून आम्हाला बघायला खाली उतरलेल्या जीपच्या ड्रायव्हरलाही मी धरलं होतं. आत राहिला होता तो पोलीस भरतीची तयारी करणारा आमचा पठ्ठ्या. गुहेच्या मागच्या कपारीतून वर चढायला गेला आणि पाठीवरच्या पिशवीसकट अडकला. त्याचा मित्र आत तोंड करून ओरडला, "काय बे, भरतीत असाच पळणार का?" आतून रडवेला आवाज आला, "गप बे! वर उजेड दिसतोय, पण पिशवी निघंना!"

गोजरामाय सरपटत गेली, पिशवीचा पट्टा सोडला, त्याला पायानं धरून खाली ओढलं. "त्यो उजेड माळावरचा हाय," ती कपडे झटकत म्हणाली. "माझी करडं तिकडून वर निघत्यात. तू करडू हायेस का?"

मी हसले, आणि ती गोष्ट विसरूनही गेले. गोजरामाय विसरली नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर सरकारी पाहणीला साहेब आले. खडी केंद्राच्या अर्जात लिहिलं होतं: जागा पडीक, खाली गुहा नाही, झरा नाही, कुणाची वहिवाट नाही. माळावर ताडपत्री बांधली, खुर्ची मांडली, चहा आला. आम्ही पन्नासेक माणसं उन्हात उभी होतो. मी घसा फोडून बोलले. साहेब सभ्य होते, त्यांनी ऐकून घेतलं. पण खाली उतरायला दीड तासाचा काट्याकुट्यांचा रस्ता, आणि अर्जदाराचा मुकादम कानाशी लागलेला: "काय न्हाई सायेब खाली. नुसती बोराटी हाय. कावून उगं तरास घेता?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी गोजरामायला शोधलं, तर ती नाहीच. सकाळी आमच्यासोबत होती, आता शेळ्याही नव्हत्या. खरं सांगते, माझ्या मनात आलं, म्हातारी घाबरून निघून गेली. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

तेवढ्यात साहेबांच्या खुर्चीमागच्या करवंदीच्या जाळीतून एक पांढरं करडू बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं. आणि मग साहेबांच्या पायांखालून, जमिनीच्या पोटातून, आवाज आला:

"सायेब! खुर्ची जरा सरकवा की! माती पडतीया डोळ्यांत!"

साहेब ताडकन उठले. चहा मुकादमाच्या पायजम्यावर सांडला. पन्नास माणसं अशी हसली की करडं उधळली.

"कोण आहे खाली?" साहेब जाळीत वाकून म्हणाले.

"मी गोजरा! खाली कायबी न्हाई म्हनत्यात तितं बसलीया! पानी लई गार हाय, येता का प्यायला?"

साहेबांनी मुकादमाकडं पाहिलं. मुकादम आभाळाकडं पाहत होता. साहेब बूट घट्ट बांधून आमच्यासोबत घळीत उतरले. गुहेच्या तोंडाशी काठी आडवी आली.

"दगड ठिवा."

"मावशी, मी अधिकारी आहे."

"मग जरा मोठा ठिवा."

ते आत गेले, झऱ्याचं पाणी प्यायले, भिंतीवर पिढ्यान् पिढ्यांच्या धुराची काजळी पाहिली, आणि त्याच कपारीतून अंग चोरत माळावर आपल्या खुर्चीशेजारी निघाले. तिथंच त्यांनी गुहा, झरा, वहिवाट, सगळं लिहून काढलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब गाडीकडं वळले आणि कपारीतून पुन्हा आवाज आला:

"सायबाचा दगड राहिलाय! त्यो उचलल्याबिगर मी हितनं हलत न्हाई!"

कपारीतून उलटं उतरणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि साहेब हसत हसत पुन्हा दीड तास वाटेनं उतरले. दगड उचलून त्यांनी खिशात घातला. पुढं अर्ज फेटाळला गेला, तेव्हा वस्तीवर हलग्या वाजल्या. माझ्या पाचशे पत्रकांनी जे झालं नसतं, ते एका बाईनं योग्य ठिकाणी बसून करून दाखवलं.

गेल्या वर्षी गोजरामायचे गुडघे गेले. कळप पुतण्याकडं सोपवून ती केजला लेकीच्या घरी राहायला गेली. निघायच्या दिवशी जीप घळीच्या वाटेवर थांबवली, पण उतरली नाही. खिडकीतून मला म्हणाली, "आता तू बसायचं तोंडाशी, पत्रकवाले. डोकी मोजू नको. दगड बघ."

मी बसते. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. "किती पडले?" मी सांगते. "किती उचलले?" तेही सांगते. आकडे जुळले की "बरं" म्हणून फोन ठेवते. मागच्या रविवारी एकतीस पडले, एकतीस उचलले. पलीकडून नेहमीचं "बरं" आलंच नाही. आलं ते खणखणीत हसू. "एकतीस? आता लाव म्हनावं सुरुंग!"

माळ अजून तिथंच आहे, आणि अर्ज पुन्हा येऊ शकतो. म्हणून माझं हे पत्रक तुमच्यासाठी. येत्या रविवारी सकाळची केजची एसटी पकडा. भाकरी बांधून घ्या, जुने बूट घाला. गुहेच्या तोंडाशी आपला दगड ठेवा, अंधाराला हाक मारा, आत जाऊन या आणि परतताना तो आठवणीनं उचला. संध्याकाळी मला आकडा सांगायचाय, आणि तो एकतिसाच्या वर जायला हवा.